भाडेवाढीला तोंडी नव्हे, कागदावर उत्तर द्या

कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्यावर लागले की नामपूरच्या चहाच्या टपरीवर बसायला जागा मिळत नाही. मागच्या आठवड्यात तिथे उभ्या उभ्या चहा पिताना आपल्या समाजातला एक तरुण जवळ आला. त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे, गाळा भाड्याचा. म्हणाला, “दादा, मालक म्हणतो पुढच्या महिन्यापासून तीन हजारांचे पाच हजार. नाहीतर गाळा खाली कर. कायदा काही आहे का?”

मी विचारले, “पावती घेतोस?” नाही. “करार?” “पहिल्या वर्षी अकरा महिन्यांचा लिहिला होता, तो मालकाकडेच आहे.” “मग त्याला उत्तर काय दिलंस?” “काय देणार दादा? गप्प बसलो.”

हे गप्प बसणे मी ओळखतो. आपली माणसे मोर्चात गळा फाटेस्तोवर घोषणा देतात आणि घरमालकासमोर मान खाली घालतात. भाडे आपण देतो, तरी उपकार त्याचे वाटतात. असे का होते?

माझी आत्या लग्नानंतर नामपूर सोडून नाशिकला गेली. एका जुन्या वाड्यात दोन खोल्या, भाडे वाढत वाढत आठशे रुपयांवर आलेले. २००८ साली म्हाताऱ्या मालकाचा मुलगा कारभार पाहू लागला आणि त्याने एकदम दोन हजार मागितले. जात हेच कारण होते असे मी म्हणणार नाही. वाड्यातल्या सगळ्यांनाच त्याने वाढ सांगितली होती. पण भीती सगळ्यांची सारखी नव्हती. शेजारचे म्हणाले, फार तर दुसरीकडे जाऊ. आत्या म्हणाली, “पोरा, मी कुठं जाऊ? आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असते.”

बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या, परदेशी शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले, हे आपण भाषणांत सांगतो. ती गोष्ट इतिहासात संपलेली नाही. दुसरे घर मिळणार नाही ही भीती हेच मालकाचे खरे हत्यार आहे. भाडेवाढ हा फक्त त्याचा आवाज.

मी तेव्हा तरुण आणि गरम डोक्याचा. आत्याला सांगितले, “भाडेच देऊ नका. बघू काय करतो.” चार महिने भाडे दिले नाही आणि वकिलाची नोटीस आली. नोटिशीत वाढीचा वाद बाजूला, थकबाकी पुढे. वाचताना माझे हात गार पडले. आत्याचे घर जाणार होते आणि ते मालकामुळे नाही, माझ्या शहाणपणामुळे.

आमच्या ओळखीच्या वकिलांनी मला चांगलेच फैलावर घेतले. “वाढ नाकारायची असते, भाडे नाही. भाडे थांबवलेस म्हणजे मालकाच्या हातात काठी दिलीस.” त्यांनी जे समजावले ते प्रत्येक भाडेकरूने पाठ करावे असे आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. जिथे तो लागू होतो तिथे मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. कर वाढले किंवा ठरावीक दुरुस्त्या केल्या तर वेगळी वाढ मिळते, तिचेही नियम आहेत. आठशेचे ४ टक्के म्हणजे बत्तीस रुपये. आत्याने ८३२ द्यायला हवे होते. मागितले होते २०००. मागणी आणि कायदा यांच्यात दरमहा ११६८ रुपयांचे अंतर होते आणि हे अंतर आमच्यापैकी कोणी मोजलेच नव्हते.

भाड्याचा वाद असेल तर भाडेकरू स्वतः कोर्टात जाऊन प्रमाण भाडे आणि कायदेशीर वाढ ठरवून मागू शकतो. लघुवाद न्यायालय असेल तिथे ते, नसेल तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. थकबाकीची नोटीस मिळाल्यावर मालकाला ९० दिवस थांबावे लागते. त्याआधी त्याला ताब्याचा दावा लावता येत नाही. या दिवसांतच भाडेकरूने हलायचे असते.

आम्ही हललो. थकलेले भाडे ४ टक्के वाढीसह मनीऑर्डरने पाठवले, कूपनवर महिने लिहून. मालकाने ती परत केली. परत आलेली पावती आम्ही जपून ठेवली, कारण भाडे द्यायची तयारी होती याचा तोच पुरावा. नोटिशीला रजिस्टर पोस्टाने उत्तर दिले आणि प्रमाण भाडे ठरवण्यासाठी अर्ज लावला. कोर्टाने दरमहा भरायची अंतरिम रक्कम ठरवून दिली आणि ती आत्या नेमाने भरत गेली. मधे एकदा नळ बंद झाला. पाणी, वीज अशा आवश्यक सोयी तोडायला याच कायद्याने मनाई आहे, असे वकिलांनी लेखी कळवताच तो चालू झाला. शेवटी मालकानेच तडजोड केली: वर्षाला ४ टक्के आणि दर महिन्याला सहीची पावती. आत्या शेवटपर्यंत त्याच घरात राहिली.

मालकाचीही बाजू आहे. जुन्या मुंबई कायद्यात कित्येक घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर गोठले होते. ते अवाजवी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. आजच्या कायद्यातली वार्षिक वाढ मालकाला न्याय म्हणूनच आहे. म्हणून मी कोणाला फुकट राहायला सांगत नाही. कायद्याने ठरेल ते द्या, पण मनाला येईल ते देऊ नका.

आता त्या तरुणाचा प्रश्न. नाशिकचे उत्तर नामपूरला जसेच्या तसे लागू होईलच असे नाही. हा कायदा त्याच्या अनुसूचीतल्या किंवा शासनाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांत लागतो, म्हणून आपले गाव त्यात आहे का हे आधी पाहायचे. दुसरे, करारावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहिले असेल तर आपण भाडेकरू नसून परवानाधारक ठरू शकतो. मुदत संपल्यावर तिथे प्रमाण भाड्याचे संरक्षण मिळत नाही. सही करण्याआधी कागदाचे नाव वाचा.

आणि गाव अनुसूचीत नसले तर? तरीही मालक राजा होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार महिन्याची भाडेदारी संपवायला साधारणपणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. ठरलेले भाडे एकट्याच्या मर्जीने बदलत नाही. कोर्टाच्या वाटेने न जाता सामान बाहेर फेकले, तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा करता येतो.

भाडे नियंत्रण कायद्यातले एक कलम तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखे आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरायचे, उलट सिद्ध होईपर्यंत. तोंडी व्यवहारात ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे, हा गावाचा नियम. इथे कायद्याने तो उलटा केला आहे. पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे. आणि आपण पावती मागायला लाजतो!

कोर्टाचा खर्च परवडत नाही, ही सबब अर्धीच खरी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळू शकतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा.

घटनेतल्या ३२ व्या कलमाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा मानले, कारण दाद मागायची वाट नसेल तर हक्क पोकळ राहतो. ते कलम मूलभूत हक्कांचे आहे, गाळ्याच्या भाड्याचे नाही. पण विचार तोच आहे. वाट असून आपण चाललो नाही, तर दोष कोणाला द्यायचा?

त्या तरुणाबरोबर बसून मी साधे पत्र लिहिले: आजचे भाडे तीन हजार, ते वेळेवर देत आहे व देत राहीन, वाढ मान्य नाही, कराराची प्रत आणि पावती मिळावी. खाली तारीख, सही. त्याने पोस्टाची पावती पाकिटात घडी करून ठेवली. पुढच्या आठवड्यात आम्ही सटाण्याला विधी सेवा समितीकडे जाणार आहोत. या महिन्याचे तीन हजार मात्र त्याने आधीच मालकाच्या खात्यावर भरले आहेत.

जय भीम!