चाकणच्या वाटेवरचे ठिपके

पुण्याची माणसे कापड घ्यायला लक्ष्मी रस्त्यावर जातात. पिंपरी-चिंचवडची जातात पिंपरी कॅम्पात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची येथे छावणी पडली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या बाजारात, शगुन चौकाच्या आसपास, सणाच्या दिवसांत पाऊल ठेवायला जागा मिळत नाही. दसऱ्याच्या आदल्या रविवारी पुतणीबरोबर मी तेथे गेले. ती चाकणच्या एका कारखान्यात काम करते. तिला बिबट्याच्या ठिपक्यांचे दोन स्कार्फ हवे होते. एक स्वतःला, एक कारखान्यातल्या मैत्रिणीला दिवाळीची भेट म्हणून.

दुकानात सगळे जंगलच टांगलेले होते! ओढण्या, पर्सा, चपला, जॉर्जेटची पातळे. दुकानदार सगळ्यांनाच 'टायगर प्रिंट' म्हणत होता. आता मास्तरणीला हे कसे सोसावे? वाघाला असतात पट्टे. चित्त्याचे ठिपके भरीव, शाईचे थेंब सांडावेत तसे. बिबट्याच्या अंगावर तुटक काळी वलये, आत जरा गडद रंग; आणि वलयात पुन्हा ठिपका दिसला, तर तो अमेरिकेतला जग्वार. हे सारे ऐकून घेऊन दुकानदार म्हणाला, "मॅडम, धुतल्यावर रंग जाणार नाही, एवढं मी सांगतो."

"आत्या, तूही घे ना एक," पुतणी म्हणाली. मी घेतला नाही, पण सल्ला भरपूर दिला. एका वेळी अंगावर एकच जनावर असावे. स्कार्फ ठिपक्यांचा, तर पोशाख काळा, खाकी किंवा साधा हातमागाचा बदामी. मग पर्स आणि चपला मुकाट्याने सोज्ज्वळ असाव्यात. ठेंगण्या अंगाला बारीक वलये शोभतात. ही नक्षी मुळात लपण्यासाठी आहे. ऊन-सावलीत ती जनावराची कड मोडून टाकते. बसच्या रांगेत मात्र तीच नक्षी सर्वांत आधी डोळ्यांत भरते! म्हणून थोडकीच बरी.

शंकराचे व्याघ्रांबर आणि आजोबांच्या पूजेचे मृगाजिन आपल्याला ओळखीचे. छापील बिबट्या आला पॅरिसहून. १९४७ साली ख्रिश्चन डिऑर यांच्या पहिल्याच संग्रहात तो होता. पण ज्यांना परवडे त्यांना खरे कातडेच हवे असे. १९६२ साली जॅकलिन केनेडी खऱ्या बिबट्याच्या कोटात दिसल्या आणि तशा कोटांची हौस भडकली. आज आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कातड्याचा व्यापार हा गुन्हा आहे. उरली ती कापडावरची छपाई.

पुतणीची खोली चाकणला. तिला पोचवायला म्हणून भोसरी, मोशी करीत नाशिक रस्त्याने निघालो. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी जो संग्रामदुर्ग शाइस्ताखानाविरुद्ध लढवला तो याच चाकणचा. आता खानाचे सैन्य आले तर किल्ल्यापर्यंत पोचायच्या आधीच कंटेनरांच्या गर्दीत अडकून पडेल.

याच पट्ट्यात मार्च २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात खराखुरा बिबट्या शिरला होता. काम थांबले, माणसे बाहेर काढली. वनखात्याने आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रातल्या लोकांनी त्याला बेशुद्ध करून सुखरूप नेले. तो काही फार दुरून आला असेल असे नाही. उत्तरेकडे धरणे झाली, कालवे आले, त्यांच्यामागून ऊस आला. उसात वर्षभर आडोसा, गावात कुत्री नि शेळ्या. बिबट्याच्या माद्या उसातच विऊ लागल्या. दिवाळीच्या सुमारास तोड सुरू होते आणि तो आडोसा जातो.

शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन आठवड्यांत तिघांचे बळी गेले. त्यांत दोन लेकरे होती. त्यानंतर तेथली माणसे रानात जाताना गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे बांधू लागली. धनगराच्या कुत्र्याला बांधतात तसले. कारण बिबट्या धरतो तो मानेला.

पुतणीची मैत्रीण त्याच तालुक्यातली. स्कार्फ तिला आवडला. दुसऱ्या दिवशी तिने तो काळ्या कुर्त्यावर घातला, आणि छान दिसला, असे पुतणीने फोनवर सांगितले. शनिवारी गावी जाताना मात्र तिने तो घडी करून कारखान्यातल्या आपल्या कपाटात ठेवला.

"आई अजून गळ्यात पट्टा बांधून वैरणीला जाते," ती म्हणाली, "तिच्यासमोर हा कसा घालू?"