परक्या मातीतला वैमानिक

आमच्या खानदेशात शौर्याचे माप पुष्कळ वर्षे तुरुंगाच्या दाराशी लावले गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली; ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारास, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा पोलिसांच्या गोळीस बळी पडला. जळगाव-धुळ्याच्या मुलांना ही नावे कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाहीत. परंतु त्याच काळात जो सरकारी गणवेशात मेला, त्याचे काय? धुळ्यास आमच्या आजोळी हा विषय निघाला की वडीलधारी मंडळी “पोटासाठी गेला बिचारा” एवढे बोलून पानाचा डबा पुढे ओढीत. मला ते उत्तर कधीच पटले नाही.

निदान श्रीकृष्ण वेलिणकर या मुंबईच्या तरुणास ते मुळीच लागू पडत नाही. विलायतेत शिकलेल्या मुलाला पोटाची ददात कसली? पहिल्या महायुद्धात हिंदी मनुष्यास अधिकारपद देऊन विमानात बसवावे की नाही, याचाच वरिष्ठांत खल चाले. इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक आणि हा आपला वेलिणकर, अशी बोटांवर मोजण्याइतकीच माणसे त्या दारातून आत शिरली. वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनात ‘डॉल्फिन’ चालवी. या विमानाची रचना मोठी विलक्षण होती: चालकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर निघे. त्यामुळे आकाश चहूकडे स्वच्छ दिसे खरे. पण उतरताना विमान उलटले तर पहिला आघात त्याच डोक्यावर! जून १९१८ च्या अखेरीस तो गस्तीवर गेला तो परतला नाही. ३० जूनला जर्मनांच्या हाती असतानाच त्याचा अंत झाला. पुरणाऱ्यांनी त्याचे नाव भलत्याच रूपाने नोंदले, आणि खरे नाव थडग्यावर येण्यास युद्ध संपावे लागले. ते थडगे फ्रान्समधील एका खेड्यात आहे. खेड्याचा फ्रेंच उच्चार ‘आंगार’ असा काहीसा होतो. योगायोगच तो, पण मराठी कानाला चटका लावणारा.

वेलिणकर एकटा उडे, म्हणून त्याचे नाव तरी एकट्याचे राहिले. बाँबफेकी विमानातील सोबत्याचे दैव याहून कठीण. दुसऱ्या महायुद्धात, १९४३-४४ च्या सुमारास, हिंदी हवाईदलाची ७ वी व ८ वी स्क्वाड्रने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ‘व्हेंजन्स’ विमाने घेऊन लढली. या विमानात माणसे दोन. पुढचा चालक जवळजवळ सरळ खाली सूर मारी, आणि मागचा गडी शेपटाकडे तोंड करून बसलेला असे. लक्ष्य त्याला दिसत नसे. दिसे ते फक्त वर वर जाणारे आकाश. दुसऱ्याच्या हातांवर इतका भरवसा टाकून पाठमोरे खाली जाणे, हे धैर्य मला तुरुंगाच्या धैर्याहून हलके वाटत नाही. साम्राज्याचा हिशेब वेगळा ठेवावा. तो त्या मुलाच्या नावावर मांडू नये.

यांतले सारेच परतले नाहीत. आग्नेय आशियात ज्यांचे थडगेच नाही, अशा २४,००० हून अधिक सैनिकांची व वैमानिकांची नावे सिंगापुरास क्रांजी येथील स्तंभांवर कोरलेली आहेत. त्या ओळींत हिंदी नावेही पुष्कळ आहेत, रोमन लिपीत, आद्याक्षरांसह. गावाचा उल्लेख मात्र नाही.