गॅलरी हवीय? हेडसेट घाला!

व्हिसा नको, बॅग नको. हेडसेट, दमदार पीसी आणि दोन मीटर बाय दीड मीटर मोकळी जमीन. मुंबईच्या वन बीएचकेत यातली जमीनच सगळ्यात महाग! सेंटर टेबल पॅसेजमध्ये ढकललं की निघायचं.

'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' (२०२०) सुरू होतो तोच एका गॅलरीत. समोर सिटी १७. जुन्या इमारती, लोंबत्या तारा, कबुतरं आणि लांबवर परग्रहवासीयांचा अवाढव्य मनोरा. शहर अगदीच हवेतलं नाही हं. २००४च्या 'हाफ-लाइफ २'साठी ते घडवणारा व्हिक्टर अँटोनोव्ह मूळचा बल्गेरियातल्या सोफियाचा. सोफिया, बेलग्रेड, सेंट पीटर्सबर्ग, सगळ्यांचा थोडा थोडा अंश इथे सापडतो.

आतल्या खोलीत काच आहे, मार्कर आहेत. शत्रू गेले खड्ड्यात, मी दहा मिनिटं काचेवर देवनागरीत नाव गिरवत होतो! कठड्यावर मात्र रेलायचं नाही. तो डोळ्यांना आहे, कोपराला नाही. दोन पावलं जास्त टाकलीत की हवेत जाळी उमटते: पुढे घराची भिंत.

आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेकांनी गॅलऱ्या खोलीत घेतल्यात. त्यामुळे रविवारी मी आधी तिथे नुसता उभा राहतो. गोळीबार नंतर.