धुळीचा रंग

मावळ्याचे डोळे मी सगळ्यात शेवटी रंगवते. शाडूचा चार बोटांचा मावळा आधी सावलीत दोन दिवस वाळवायचा. उन्हात ठेवला की मानेशी तडकतो. मग पांढऱ्याचा हात, त्यावर अंगाचा रंग, अंगरखा, पागोटं. घड्यांमध्ये पातळ तपकिरी सोडायचा, नाहीतर तीन फुटांवरून सगळा मावळा एक गोळा दिसतो. डोळा गोल काढला तर तो घाबरलेला वाटतो. वरच्या पापणीची रेघ आणि तिला टेकलेला ठिपका, एवढंच.

म्हणूनच सांगलीत आमच्या दिवाळीच्या किल्ला स्पर्धेत मी हट्टानं नियम करून घेतला होता: मावळे रंगवलेलेच हवेत, 100 पैकी 10 गुण त्याचे. ‘वॉरहॅमर’ या टेबलावरच्या युद्धखेळातही रंगवलेल्या सैन्याला 100 तले 10 गुण मिळतात, हे भाच्यानं सांगितल्यावर तर माझी खात्रीच पटली.

त्या वर्षी सातवीतल्या एका मुलानं अजिंक्यतारा केला होता. मी त्याच्या पायथ्याशी वाढलेली, तिथेच रेंगाळले. गोणपाटावर चिखल, उतारावर कोवळा अळीव, आणि मंगळाई बुरूज मुद्दाम फोडलेला. 1700 चा औरंगजेबाचा वेढा. मावळे मात्र सगळे कोरे, करडे.

“रंग का नाही दिलास रे?”

“काकू, सुरुंग उडालाय. धूळ बसलीय त्यांच्यावर.”

ढिगाऱ्यातून एक डोकं आणि एक हात वर आला होता. किल्लेदार प्रयागजी प्रभू. ते त्या स्फोटातून जिवंत निघाले होते, हे त्याला ठाऊक होतं.

मी त्याचे 10 गुण कापले. शेजारच्या किल्ल्यावर बाजारातले, एका साच्यातले, एकाच चेहऱ्याचे प्लास्टरचे मावळे होते. दुसऱ्याच कुणी रंगवलेले. त्यांना पूर्ण गुण दिले. ते अजून बोचतं.

रंग हवा, हे मी आजही म्हणते. रंगवताना मावळा हातात तासभर राहतो, तेवढ्यात त्याची ओळख होते. पण ती ओळख अट घालून होत नाही. पुढच्या वर्षी तो नियम काढून टाकला. आता कडेला चटई टाकून वाट्या, ब्रश मांडून बसते. ज्याला हवं त्यानं यावं.

तो आला. “काकू, धुळीचा रंग कसा करायचा?”

पांढऱ्यात तो काळा कालवू लागला. मी वाटीत चिमूटभर गेरू टाकला. गडावरची धूळ नुसती करडी नसते.