पाच खोल्यांचे घर

दौंडच्या बाजारपेठेत तीन पिढ्या धान्याची आडत चालविणाऱ्या एका घरातील वडीलधारे काका गेल्या माघात पुतण्यासह इनामगावला गेले. पुतण्या नुकताच इटलीहून आला होता. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईतील धनिकांच्या घरांचे, तेथील भित्तिचित्रांचे वर्णन त्याने आठवडाभर केले. काका म्हणाले, ‘‘त्याहून हजार वर्षांनी जुने घर आपल्या भीमेपलीकडे आहे. ते पाहिलेस का?’’

पुतण्याच्या पिशवीत राहत्या वाड्याच्या विक्रीचे कागद होते. तिन्ही भावांच्या सह्या झाल्या होत्या. काकांची तेवढी राहिली होती.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी पांढरीचे टेकाड, भोवती ऊस. डोळ्यांना दिसते ते एवढेच. संगमरवर नाही, खांब नाहीत. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत येथे उत्खनन केले, तेव्हा सव्वाशेहून अधिक मातीच्या घरांचे अवशेष उजेडात आले. वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली. त्यांत एक घर पाच खोल्यांचे, बहुधा गावच्या प्रमुखाचे. आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार.

कोठाराचे नाव निघताच काकांची चाल मंदावली. जमिनीत पेवे होती, कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे होते, हे त्यांनी वाचले होते. मुख्य पीक सातूचे. ‘‘ओल लागू नये म्हणून ओटा,’’ ते म्हणाले, ‘‘आपल्या गोदामात लाकडी फळ्या घालतो, तेच हे.’’ साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक कोठीवाल्याविषयी ते व्यवसायबंधूविषयी बोलावे तसे बोलत होते.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, जराशी अडखळत. दगावलेली लहान मुले येथील लोक दोन रांजणांची तोंडे जुळवून, त्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरीत. पुतण्या गप्प झाला. काकांचे पहिले मूल वाड्याच्या माजघरात, नवव्या दिवशी गेले होते; घरात ते सर्वांना ठाऊक होते, पण कोणी बोलत नसे.

‘‘मग हे लोक गेले कुठे?’’ पुतण्याने विचारले.

‘‘पाऊस कमी झाला. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती हटली, शेळ्यामेंढ्या वाढल्या. तीनशे वर्षे तशीही काढली, मग उठले.’’

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून दोघे लवकर निघाले. भीमेच्या पुलावर काकांनी गाडी थांबवायला सांगितली, कागद मागून घेतले आणि गाडीच्या टपावर ठेवून सही केली.

‘‘पायली आणि अधोली तेवढी भंगारात देऊ नका,’’ ते म्हणाले. ‘‘ती माझ्या खोलीत ठेवा, पुण्यात.’’