नाझराची लेक

नागपूर सोडून हैदराबादेच्या वाटेने दक्षिणेकडे निघालेला प्रवासी हिंगणघाट मागे टाकतो आणि पोहण्यापाशी वर्धा नदी ओलांडतो, तेव्हा तो एका जुन्या सरहद्दीवरून जात असतो. आज ती केवळ दोन जिल्ह्यांची सीमा असली, तरी १८५३ पूर्वी अलीकडे नागपूरकर भोसल्यांचा मुलूख होता आणि पलीकडे निजामाचा वऱ्हाड. पुढे वडकी लागते, करंजी लागते, दुतर्फा कपाशीची काळी शेते दिसू लागतात, क्षितिजावर सागाच्या रानाची रेघ उमटते आणि पांढरकवडा येते. तालुक्याचे नाव केळापूर, परंतु तहसील कचेरी पांढरकवड्यास. केळापुरात राहिली ती जगदंबा. ही विभागणी माझ्या आजीने मला प्रथम सांगितली, आणि सरकार आणि देवी यांनी आपापली ठाणी समजुतीने वाटून घेतली, असा तिचा अभिप्राय होता.

माझी ही आजी, आईची आई, त्या तहसिलीतील नाझराची लेक. खजिन्याच्या किल्ल्या, टपालाच्या पेट्या, समन्स बजावणारे चपराशी हे सारे ज्याच्या हुकमतीत, अशा माणसाच्या घरी १९२१ मध्ये जन्मलेल्या या मुलीने शाळेचे तोंड फार पाहिले नाही. मात्र जमाबंदी, कबुलायत, सनद, तगाई हे शब्द ती चुलीवरच्या जिनसांइतक्या सहजतेने उच्चारीत असे. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे १८५३ मध्ये गेला, १९०२ च्या करारान्वये सालिना पंचवीस लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला गेला, १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला, आणि १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. या घटना ग्रंथांतून मला पुढे वाचावयास मिळाल्या, पण त्यांचा अर्थ मी तिच्याकडून आधीच शिकलो होतो. आपले घर जागचे न हलता तिने मध्यप्रांत-वऱ्हाड पाहिला, मग मध्यप्रदेश, १९५६ नंतर मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र.

विशेषतः इजाऱ्याच्या गावांविषयी ती बोलू लागली, म्हणजे थांबत नसे. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात विलायतेतील गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कपाशीस सोन्याचा भाव आला. त्या सुमारास सरकारने ओसाड जमिनींचे नियम केले आणि या जिल्ह्यातील निर्जन गावे दीर्घ मुदतीच्या इजाऱ्याने लागवडीस दिली. इजारदारांची नावे कागदोपत्री आहेत. ज्या गोंड आणि कोलाम कुटुंबांचे वास्तव्य त्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या होते, ती मात्र ‘निर्जन’ या एका शब्दाखाली झाकली गेली, याची चीड आजीच्या बोलण्यात असे. तिच्या बाळपणी मोहाची फुले आणि चारोळी घेऊन दारी येणाऱ्या कोलाम बाईस ती ‘मावशी’ म्हणे, आणि त्या मावशीच्या आजोबांचे पीक कोणत्या नाल्याकाठी उभे असे, हेही तिला ठाऊक होते. मला वाटते, या मुलखाचा खरा इतिहास अशाच स्मरणांत आहे, आणि तो दफ्तराच्या तोडीचा पुरावा मानला पाहिजे.

पेशवाईचा शेवटही तिच्या कथनात असे. अप्पासाहेब भोसल्यांच्या साहाय्याच्या आशेने चांद्याकडे निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाला कर्नल अ‍ॅडम्सने १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे गाठले, फौज उधळली, आणि जूनच्या आरंभी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. आजी लढाईचे वर्णन करीत नसे. तिच्या आजीच्या आजीने धान्याचे पेव मातीने लिंपून त्यावर गुरे बांधली आणि दोन्ही फौजांपासून घरचे दाणे राखले, एवढेच ती अभिमानाने सांगे.

तिच्या निधनानंतर लोखंडी पेटीतून निघालेल्या छायाचित्रांत एक कचेरीचे आहे: मध्ये तहसीलदार, त्यांच्या उजव्या हातास पणजोबा, मागे कारकून मंडळी आणि पुढे जमिनीवर चपरास मिरविणारे शिपाई, पाठीमागे प्रत्येकाचे नाव हुद्द्यासह लिहिलेले. दुसरे केळापूरच्या देवळापुढे नवरात्रात काढलेले, नऊ स्त्रियांचे. त्यात डावीकडून चौथ्या जागी चौकोनी भोक आहे. आजोबांच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या अर्जास छायाचित्र हवे होते, आणि आजीने शिवणाच्या कात्रीने स्वतःला त्यातून कापून काढले. आईने हळहळ व्यक्त केली, तेव्हा ती म्हणाली होती, “मी जिवंत आहे ना तुमच्यापुढे? मग त्या कागदातल्या बाईचं काय घेऊन बसले तुम्ही!” या चित्रामागे नाव एकही नाही, केवळ पणजोबांच्या हस्ताक्षरात ‘केळापूर, सायंकाळ’ एवढीच नोंद. आजी मात्र सदैव सांगत आली होती की त्या दिवशी साऱ्याजणी पहाटेच्या अंधारात पांढरकवड्याहून अनवाणी निघाल्या होत्या आणि छायाचित्रकाराने त्यांना उन्हे वर येताच उभे केले होते. घरात तिचे हे म्हणणे कोणी विशेष मनावर घेतले नाही, कारण नाझरसाहेबांची नोंद समोर होती.

केळापुरात महामार्गावरील मालमोटारींचा घोष कानी येत असतानाच मी देवळात गेलो, जगदंबेचे दर्शन घेतले आणि ते चित्र हाती धरून आवारात उभा राहिलो. नवरात्राचे दिवस होते. वऱ्हाडी मराठीबरोबर तेलुगूही ऐकू येत होती, कारण पैनगंगेपलीकडचे भाविकही येथे येतात. आवाराचे रूप पालटले आहे. तरीही चित्रातील देवळाची बाजू ओळखता आली, आणि त्या स्त्रिया जेथे ओळीने होत्या तेथे मी उभा राहिलो, तेव्हा ध्यानात आले की चित्रातील लांब सावल्या पडल्या आहेत त्या पश्चिमेकडे. सूर्य पूर्वेस होता. ते ऊन सकाळचेच होते. साऱ्या तालुक्याच्या टपालाची आवक-जावक बिनचूक ठेवणाऱ्या पणजोबांची नोंद येथे चुकली होती आणि निरक्षरप्राय म्हणून जिचे सांगणे आम्ही ऐकून सोडून देत असू, ती बरोबर होती. मी तेथेच पायरीवर बसून ‘सायंकाळ’च्या खाली पेन्सिलीने ‘सकाळ’ असे लिहिले, आणि पुढे, ‘डावीकडून चौथी’ असे म्हणून आजीचे माहेरचे नाव घातले.

उरलेल्या आठ स्त्रियांची नावे अद्याप लिहावयाची आहेत. आजीची नात्यातील एक धाकटी बहीण वणीस आहे. तिचे वय नव्वदीच्या पुढे गेले असले, तरी दृष्टी शाबूत आहे. म्हणून परतताना करंजीहून नागपूरची वाट न धरता मी मारेगावमार्गे वणीकडे वळलो.