झील कुठं धरायची

आमच्या बँडचं नवं गाणं कुकुर दैत्याचं आहे. पॉवर मेटल म्हणजे मेटलमधला वीररस: भरधाव गिटार, चढ्या पट्टीतला गायक आणि ध्रुवपदाला सगळ्यांचा मिळून गजर, म्हणजे आपल्याकडची झील. मी ड्रम वाजवतो, म्हणजे दोन्ही पाय सतत कामाला. युरोपातले बँड कथेसाठी टोल्किनकडे धाव घेतात. मी तुळजापूरचा, मला ती दारातच मिळाली. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती, तिच्या तपात आडवा आलेला कुकुर, तिचा धावा, देवीचं प्रकट होणं, दैत्याचं रेड्याचं रूप आणि त्याचा वध.

पण कथा चांगली असली म्हणून गाणं होत नाही. प्रत्येक प्रसंगाला एक कडवं दिलं की गाण्याची पोथी होते. नुसतं युद्ध घेतलं तर त्याचा पोवाडा होतो. मराठीत शौर्याला चाल लावली की ती आपोआप त्याच वाटेनं जाते.

जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या ब्लाइंड गार्डियननं १९९८ साली 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ' हा अख्खा अल्बम टोल्किनच्या 'द सिल्मारिलियन'वर केला. ट्रॅक २२, पण त्यातले कितीतरी अगदी छोटे: कुठं निवेदन, कुठं संवाद. कथा तिथं पुढं सरकते, गाणं एका क्षणावर पाय रोवून उभं राहतं. त्यातला फिंगॉल्फिन राजा एकटाच घोड्यावरून शत्रूच्या, मॉर्गॉथच्या दाराशी जातो, त्याला बाहेर बोलावतो, सात जखमा करतो आणि मरतो. एका गाण्याला तेवढं रग्गड झालं.

ही वाटणी गोंधळ्यांकडं मुरलेली आहे. चौक भरला, दिवटी पेटली, देवादिकांना आवतण गेलं, की नायक आख्यान लावतो. कथा तो बोलून सांगतो. साथीदार मध्येच काहीतरी येड्यासारखं विचारतो, बाया तोंडाला पदर लावून हसतात, नायक त्याला झापतो आणि त्या झापण्यातूनच पुढचा प्रसंग निघतो. मग संबळ उठतो. कमरेला एक खर्जाचं आणि एक उंच आवाजाचं अशी दोन तोंडं, दोन हातांत दोन काठ्या, त्यातल्या एकीचं टोक वळवलेलं. मी बघत असतो ते त्याच्या थांबण्याकडं. बोलणं चालू असताना संबळ जवळपास गप्प असतो, म्हणून तो सुटला की अंगावर येतो. आमचे डबल पेडल पहिल्या सेकंदापासून सुटलेले. दैत्य येईपर्यंत ऐकणाऱ्याचे कान बधिर.

आणि हसू. पॉवर मेटलमध्ये सहसा कुणी हसत नाही, हा त्याचा मोठा दोष. गोंधळात दैत्याची आधी यथेच्छ टिंगल होते, मग त्याला मारतात, आणि तरी वध लहान वाटत नाही. हसून सैल झालेल्या माणसाला पुढचा ठोका जास्त लागतो, असं मला वाटतं.

म्हणून आता गाण्यात ड्रम दोनदा पूर्ण थांबतात. तेवढ्यात गायक सांगणार, गिटारवाला प्रश्न विचारणार, आणि झील धरायची ती फक्त अनुभूतीच्या धाव्याला. वधाला चारच ओळी. गिटारवाल्याला आधी हे पटेना. म्हणाला, "अरे, मेटल आहे का जागरण?" कुकुरचं बोलणं बेसवाल्याकडं आहे. कागद वाचून त्यानं विचारलं, "रेडा झाल्यावर आवाज बदलायचा का?"

त्यावरून सध्या भांडण चालू आहे.